नकाशा मोटारीचा, गाडी बारा चाकी

घाटाखालच्या गावातला चौक, पावसाची रात्र. चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर चौकात येऊन अडकला आहे. रस्ता डावीकडे वळतो, वळणावर एका घराचा ओटा पुढे आलेला आणि समोर विजेचा खांब. केबिन वळणातून निघते, पण मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत. ती आतून कापतात आणि ओट्याला टेकतात. वर केबलच्या तारा कंटेनरच्या माथ्याला लागल्या आहेत. चालक खाली उतरतो, पुढे बघतो, मागे बघतो. गाडीत दुसरे माणूस नाही. मागे रांग लागलेली, हॉर्न सुरू. काचेजवळ अडकवलेला फोन मात्र शंभर मीटरवर डावीकडे वळायला सांगतोच आहे. शेवटी गावातली चार पोरे पुढे होतात. कुणी बांबूने तारा उचलतो, कुणी मागे उभा राहून कंटेनरवर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो आणि उलटी चालत चालत गाडी पुन्हा मोठ्या रस्त्याला लागते. ओट्याचा कोपरा फुटलेला असतो. त्याची भरपाई चालकाच्या खिशातून जाते.

कोकणात, मावळात, भिवंडीच्या गोदामांच्या गल्ल्यांत आणि चाकणच्या कारखान्यांभोवतीच्या वाड्यांत हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. ‘मॅप बघून आला असणार’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ते खोटेही नसते. ट्रकचालक फोनवरच्या नकाशावर गरजेपेक्षा जास्त विसंबतात, हे मलाही मान्य आहे. पण हा सगळा प्रश्न एकत्र पाहिला की दोष चालकाच्या डोळेझाकीवर संपत नाही. आपण त्याच्या शेजारचा माणूस काढून घेतला, त्याच्या मागे घड्याळ लावले आणि हातात जो नकाशा दिला तो मोटारीचा होता. या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून चालकाला सावधगिरीचे चार शब्द सांगितले तर काहीही बदलणार नाही.

उपग्रहांवरून जागा सांगणारी ही यंत्रणा मुळात अमेरिकी लष्कराची. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला. सर्वसामान्यांसाठी संकेत मुद्दाम ढोबळ ठेवलेला असे. २ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ते बंधन उठले आणि रस्त्यावर वापरता येईल इतकी अचूकता सगळ्या जगाला मिळाली. पुढे स्मार्टफोन आले, डेटा स्वस्त झाला आणि जे यंत्र परदेशी मोटारीत दिसायचे ते आपल्याकडच्या दहा चाकी गाडीच्या केबिनमध्ये देवाच्या फोटोशेजारी जाऊन बसले. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही हातातले उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता शोधण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरायला मुभा दिली. म्हणजे फोन केबिनमध्ये कायद्याने आला आहे आणि तो परत जाणार नाही.

त्याच सुमारास केबिनमधून एक माणूस कमी होत गेला. क्लीनर. गाडी धुणे, टायरवर ठोकून हवा बघणे, दोऱ्या आवळणे ही त्याची दिसणारी कामे. न दिसणारे काम वाट दाखवण्याचे होते. अरुंद जागी तो उतरून पुढे चालायचा, रिव्हर्स घेताना मागे उभा राहायचा, फाट्यावर उतरून पानाच्या टपरीवर विचारून यायचा. उस्तादाच्या हाताखाली काही वर्षे काढल्यावर तोच ड्रायव्हर व्हायचा आणि तोवर रस्ता त्याच्या अंगात भिनलेला असायचा. घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, कुठल्या ढाब्यावर गाडी लावली तर रात्री डिझेल काढून नेत नाहीत, कुठल्या गावचा आठवडी बाजार रस्त्यावर भरतो, पावसाळ्यात कुठल्या ओढ्याच्या पुलावर थांबून पाणी बघायचे, हे कुठेही लिहिलेले नव्हते. ते उस्तादाकडून क्लीनरकडे जायचे. भाडे परवडत नाही म्हणून मालकांनी आधी क्लीनर कमी केला. शिकाऊ माणूसच नाही म्हटल्यावर हे ज्ञान पुढे जायचे थांबले. आज वयाच्या पंचविशीत गाडीवर बसणाऱ्या कितीतरी चालकांना उस्ताद मिळालेलाच नाही, त्यांना फोन मिळाला. त्यांना नकाशावर विसंबू नका असे सांगताना विसंबायचे कशावर हेही सांगावे लागेल, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे तयार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. २०१८ च्या एप्रिलपासून राज्याराज्यांतल्या मालवाहतुकीला ई-वे बिल लागू झाले. सुरुवातीला शंभर किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत होती. १ जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस झाली. मुदत वाढवून घेता येते, पण ती वाढवून घेईपर्यंत गाडी तपासणीत सापडली तर माल अडकतो आणि दंड बसतो. त्यात बहुतेक गाड्यांना ट्रॅकर लावलेला. गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, ठरल्या रस्त्यावरून हलली का, हे मालकाला बसल्या जागी दिसते आणि दोन मिनिटांत फोन येतो. माल मागवणाराही आपल्या मोबाइलवर नकाशा उघडतो. तिथे त्याला, समजा, सहा तास दिसतात. ते सहा तास मोटारीचे असतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि जड वाहनाला ८० ची. चढावर भरलेली गाडी याच्या निम्म्यानेही चालत नाही. तरी चालकाला जाब विचारला जातो तो मोटारीच्या वेळेवर. अशा माणसाला नकाशाने ‘पंचवीस मिनिटे वाचतील’ असे सांगून एखादी आडवाट दाखवली तर तो ती घेणारच. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांतल्या ट्रकचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसाला सरासरी बारा तास गाडी हाकतात आणि जवळजवळ निम्मे जण थकवा किंवा झोप अनावर झाली तरी चालवत राहतात, असे त्यात आढळले. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास म्हणत असे. बाराव्या तासाला शंका घेण्याची ताकद कुणात उरते? पडद्यावरच्या निळ्या रेघेमागे जाणे हेच त्या वेळी सर्वांत कमी कष्टाचे असते.

आता नकाशाकडे येऊ, कारण प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे.

नकाशाच्या पोटात रस्ते म्हणजे एकमेकांना जोडलेल्या रेघा असतात आणि प्रत्येक रेघेवर ती पार करायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कमीत कमी वेळात कसे जायचे हे काढण्याची रीत एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडली. आजची बहुतेक वाटाड्या यंत्रे तिच्याच सुधारलेल्या रूपांवर चालतात. रीत चोख आहे. पण रेघेवर पुलाची उंची, रस्त्याची रुंदी, मोरी किती टन पेलते, वळण किती आवळ आहे हे लिहिलेलेच नसेल तर ती रीत तरी काय करणार? मोटारी ज्या गल्लीतून भरभर जातात ती गल्ली तिच्या लेखी चांगली. ट्रकसाठी वेगळी यंत्रे जगात आहेत. गार्मिन, टॉमटॉम अशा कंपन्या ती विकतात. त्यांत आधी गाडीची लांबी, रुंदी, उंची, वजन भरायचे असते आणि मगच रस्ता मिळतो. पण ती यंत्रेही शेवटी माहितीवरच चालतात, आणि तशी माहिती आपल्याकडच्या जिल्हा मार्गांची कुणी नकाशासाठी एकत्र केलेली नाही. आपला चालक जो नकाशा वापरतो त्या गूगल मॅप्सने २०१७ च्या डिसेंबरात भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय दिला. २०२४ च्या जुलैत उड्डाणपुलावर चढायचे की खालून जायचे हे सांगण्याची सोय आणि काही शहरांत अरुंद रस्ते टाळण्याची सोय जाहीर केली; त्यातली अरुंद रस्त्यांची सोय चारचाकी मोटारींसाठी. बारा चाकी गाडीसाठी स्वतंत्र पर्याय त्यात नाही.

उंचीचे उदाहरण घेऊ. २०२० च्या दुरुस्तीनंतर मालट्रकची उंची चार मीटरपर्यंत चालते. कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरला त्याहून अर्ध्या मीटरची जादा सूट आहे. दुसरीकडे रेल्वेने ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली. फार चांगले काम झाले, माणसे वाचली. पण पुष्कळ ठिकाणी फाटकाच्या जागी कमी उंचीचा भुयारी मार्ग आला. मोटार, ट्रॅक्टर, बैलगाडी त्यातून निघते. भरलेला ट्रक निघत नाही. नकाशावर पूर्वीही रस्ता होता, आताही आहे. ट्रकवाल्याला कळते ते थेट लोखंडी उंचीमापकासमोर उभे राहिल्यावर, आणि तिथे गाडी वळवायला जागा नसते.

उपग्रहाच्या संकेताच्याही मर्यादा आहेत. काही मीटर इकडेतिकडे होतेच. महामार्ग आणि त्याला चिकटून धावणारा सर्व्हिस रोड यांत अंतर तेवढेच असते. खोल घाटात डोंगराच्या भिंतींमुळे संकेत परतून येतो आणि गाडीचे ठिकाण उड्या मारते. भरीला मोबाइलची रेंज जाते, मग नवा रस्ता शोधता येत नाही आणि जुनी रेघ तशीच पडद्यावर राहते. फाटा चुकला की मोटारवाला पुढच्या वळणावरून परत येतो. ट्रकवाल्याला परत फिरायला कित्येक किलोमीटर लागतात, डिझेल स्वतःच्या हिशेबातून जाते, म्हणून काही जण द्रुतगती मार्गावर गाडी मागे घेतात. याहून धोक्याची गोष्ट रस्त्यावर दुसरी नसेल. मागून शंभरच्या वेगाने येणाऱ्याला, समोरची गाडी उलटी येत आहे हे कळेपर्यंत वेळ गेलेली असते.

सह्याद्रीत या सगळ्याला धार येते. देशावरून कोकणात उतरायला कसारा आणि बोर हे मोठे घाट, त्याशिवाय वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली. प्रत्येकाची वळणे वेगळी, रुंदी वेगळी, दरडी कोसळण्याच्या जागा वेगळ्या. यांतल्या काहींवर पावसाळ्यात जड वाहतूक बंद असते. भोरहून महाडला उतरणाऱ्या वरंध घाटाबाबत तर हे दरवर्षीचे आहे. बंदी कशी येते ते पाहण्यासारखे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली जिल्हाधिकारी आदेश काढतात. आदेशाची प्रत पोलीस, परिवहन कार्यालय आणि बांधकाम विभागाला जाते, मराठी वृत्तपत्रांत बातमी येते, घाटाच्या तोंडाशी फलक लागतो. तमिळनाडूतल्या नामक्कलहून किंवा राजस्थानातून निघालेल्या चालकाच्या फोनपर्यंत तो आदेश पोहोचण्याची काहीही व्यवस्था नाही. त्याला तो कळतो तेव्हा तो घाटाच्या तोंडाशी उभा असतो आणि परतीचा रस्ता शंभर किलोमीटरचा असतो. तिथून तो परत फिरला तर ई-वे बिलाची मुदत जाते, पुढे गेला तर पाचव्या वळणावर गाडी अडकते आणि दोन जिल्ह्यांची वाहतूक सकाळपर्यंत थांबते. कोकण रेल्वेने १९९९ पासून ट्रकच रेल्वेच्या वाघिणीवर चढवून कोलाडहून गोव्यात वेर्ण्याला न्यायला सुरुवात केली, त्या रो-रो सेवेचे मोल अशा वेळी कळते. चालक रात्रभर झोपतो आणि घाट, दरड, नकाशा यांपैकी कशाचीच काळजी त्याला राहत नाही.

नकाशा न सांगणारी आणखी एक गोष्ट म्हणजे उतार. पुण्याच्या बाह्यवळण मार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना लांबलचक उतार आहे. नव्या माणसाला तो उतार वाटतही नाही, इतका रुंद आणि सरळ रस्ता. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली किंवा सारखा ब्रेक दाबत आलो की ब्रेक तापतात आणि ऐन वस्तीत धरत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका मालवाहू गाडीने पुढच्या अनेक वाहनांना धडक दिली. त्या अपघाताचे कारण नकाशा होता असे मी म्हणत नाही. पण हजार किलोमीटरवरून पहिल्यांदाच येणाऱ्या चालकाला फोन दर दोन मिनिटांनी वळण सांगतो आणि ‘पुढचे काही किलोमीटर उतार आहे, गिअर पाडा’ एवढे सांगत नाही, ही उणीव लहान नाही. उस्तादाने हेच आधी सांगितले असते.

गाजलेल्या दुर्घटनांत बहुतेक गाड्या मोटारी होत्या, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली मोटार रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ जुन्या पुलावरून पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक होते, नकाशाला नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेली–बदायूं भागात रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळली, तिघे गेले. पुलाचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता आणि वाट अडवणारा पक्का अडथळा नव्हता. पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर गूगल मॅप्सच्या एका अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदवला. या दोन्ही ठिकाणी नकाशा चुकला आणि रस्ता राखणारेही चुकले. महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या नदीत गेल्या. त्यात कुणी नकाशा बघत नव्हते. रस्ता नाहीसा झाल्याची खबर रस्त्यावरच्या माणसाला वेळेत मिळत नाही, हा आपला जुना रोग आहे. फोनने तो उघडा पाडला आणि काही ठिकाणी वाढवला.

ट्रकच्या बाबतीत बळी क्वचित जातात, म्हणून बातमी होत नाही. नुकसान होते ते वेगळ्या प्रकारचे: फुटलेले ओटे, तुटलेल्या तारा, खचलेल्या मोऱ्या, रात्रभर अडलेल्या रुग्णवाहिका, वाया गेलेला भाजीपाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालात अतिवेग, मद्यपान, उलट्या दिशेने गाडी चालवणे, मोबाइलचा वापर असे रकाने आहेत. चुकीच्या रस्त्याला लागलेल्या जड वाहनाचा रकाना नाही. जे मोजले जात नाही त्यावर पैसा आणि मनुष्यबळ खर्च होत नाही, आणि अहवालात हा रकाना यावा ही मागणी कुणी लावून धरलेलीही नाही.

बाहेरच्या देशांनी या प्रश्नाशी वीसेक वर्षे झुंज दिली आहे. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या कमी उंचीच्या पुलांना गाड्या धडकण्याचे प्रकार वर्षाला दीड हजारांहून अधिक होतात. प्रत्येक वेळी पूल तपासेपर्यंत रेल्वे थांबते किंवा हळू चालते. २००८ मध्ये तुर्कस्तानातून जिब्राल्टरला मोटारी घेऊन निघालेला एक ट्रक यंत्राच्या सांगण्यावरून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जिब्राल्टर पॉइंट नावाच्या पक्षी अभयारण्याशी पोहोचला. या प्रकाराचे पुष्कळ हसे झाले, पण त्यात हसण्यासारखे मला काही दिसत नाही. परक्या मुलखात, परक्या भाषेत, एकट्या माणसाने एका नावावर विश्वास ठेवला होता. चीनमध्ये शान्शी प्रांतात २०२२ च्या पहिल्याच दिवशी यंत्राने दाखवलेल्या अरुंद डोंगरी रस्त्यावर शिरलेला ट्रक कड्यावरून अर्धा बाहेर लटकला आणि तो काढायला तीन दिवस लागले. माणसे वेळेत उतरली म्हणून वाचली.

उपायांतही शिकण्यासारखे आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २०१३ मध्येच ट्रकचालकांना लेखी सूचना दिल्या: व्यावसायिक गाडीसाठी बनवलेलेच यंत्र घ्या, गाडीची मापे भरा, फलक आणि यंत्र यांत फरक पडला तर फलकाचे ऐका. तरीही व्हरमाँट राज्यातल्या स्मगलर्स नॉच या खिंडीत दरवर्षी लांब ट्रक अडकत राहिले. फलक लावून झाले, दंड वाढवून झाले. शेवटी २०२४ मध्ये तिथे खिंडीच्या अलीकडे, जिथून गाडी वळवता येते अशा जागी, मुद्दाम वळणदार अडथळे उभारले. ज्याला तिथून जाता येत नाही त्याला पुढेही जाता येणार नाही, हे त्याला वेळेवर कळते. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या घाटांच्या पायथ्याशी, जिथे ट्रक फिरवायला मैदान आहे तिथे, असे करायला फारसा खर्च नाही. ब्रिटनने तर २०२४ च्या स्वयंचलित वाहन कायद्यात रस्त्यांवरची बंधने स्थानिक प्रशासनांनी डिजिटल स्वरूपात द्यावीत अशी तरतूद केली. बिनचालकाच्या गाड्यांसाठी ती केली असली तरी चालक असलेल्या ट्रकलाही तिचा तेवढाच उपयोग होणार आहे.

विसंबण्याने माणसाच्या मेंदूचे काय होते यावरही काम झाले आहे. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहराच्या मध्यभागातले सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवले की या चालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. ठरलेल्या मार्गावर चालणाऱ्या बसचालकांत त्यांना तसे आढळले नाही. २०१७ मध्ये लंडनच्याच संशोधकांना दिसले की माणूस स्वतः वाट शोधतो तेव्हा नव्या रस्त्यावर शिरताना हा भाग जागा होतो. यंत्र सांगेल तसे चालताना तो शांत राहतो. मॅकगिल विद्यापीठातल्या २०२० च्या अभ्यासात, ज्यांनी यंत्र अधिक वापरले त्यांची स्थलस्मृती पुढच्या काही वर्षांत अधिक घसरलेली दिसली. हे प्रयोग ट्रकचालकांवर झालेले नाहीत आणि त्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण जुने चालक जे सांगतात त्याच्याशी ते जुळते: दहा वेळा मॅप लावून गेलेल्या रस्त्यावर अकराव्या वेळी फोन बंद पडला तर नव्या पोराला फाटा ओळखता येत नाही.

म्हणून फोन फेकून द्या, असे कुणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. परराज्यातल्या चालकासाठी हा नकाशा वरदान आहे. त्याला मराठी वाचता येत नाही, रात्री दोन वाजता विचारायला रस्त्यावर कुणी नसते, आणि असले तरी अनोळखी ठिकाणी काच खाली करायची त्याला भीती वाटते. नकाशा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतो. पुढे कोंडी आहे हे सांगतो, पंप आणि टायरवाला दाखवतो, घरच्यांना त्याचे ठिकाण कळते. पूर्वी एजंट आणि दलाल रस्ता माहीत नसलेल्याला जसे नाडायचे, ते बरेच कमी झाले. चालकाला स्वतःच्या बळावर नव्या मुलखात भाडे घेऊन जाता येऊ लागले. हे स्वातंत्र्य काढून घेण्याची भाषा कुणी करू नये.

करण्यासारखे आहे ते पुष्कळसे सरकारच्या हातात आहे. कलम ११५ खालचा प्रत्येक आदेश निघाल्या दिवशी नकाशा कंपन्यांना यंत्राला वाचता येईल अशा रूपात, ठिकाण, तारखा आणि गाडीच्या मापांसह मिळाला पाहिजे. आज तो स्कॅन केलेला कागद असतो. पूल किती टनांचा, भुयारी मार्ग किती मीटरचा, ही माहिती बांधकाम विभागाच्या आणि रेल्वेच्या नोंदवह्यांत आहेच. ती खुली करायला नवे संशोधन लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे राजमार्गयात्रा हे ॲप २०२३ मध्ये आले, पण ट्रक अडकतो तो बहुतेक वेळा राष्ट्रीय महामार्ग सोडल्यावर, शेवटच्या दहा किलोमीटरांत. तिथला रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा असतो आणि त्याची मापे कुणीच देत नाही. नकाशा कंपन्यांकडे मागणे एकच: जिथे दुचाकीसाठी वेगळी वाट काढता येते तिथे ट्रकसाठी का नाही? माहिती अपुरी असेल तर ‘हा रस्ता जड वाहनासाठी तपासलेला नाही’ एवढा इशारा तरी पडद्यावर यावा. चालक परवान्याच्या प्रशिक्षणात नकाशा कसा वाचावा, निघण्याआधी सगळा रस्ता एकदा कसा पाहावा, नकाशा फोनमध्ये उतरवून कसा ठेवावा, हे अर्ध्या दिवसात शिकवता येते. ट्रकमालकांनी मोटारीच्या वेळेवर हिशेब मागणे थांबवावे. रस्ता शंकेचा वाटला म्हणून थांबलेल्या चालकाला फोनवरून रागावू नये.

आणि वाचकांपैकी जे कारखाना, दुकान, गोदाम किंवा शेतमालाचा व्यवहार करतात त्यांना एक विनंती आहे. ट्रकवाल्याला नुसते लोकेशन टाकून मोकळे होऊ नका. मोठी गाडी कुठल्या फाट्याने आणायची, कुठल्या गल्लीत शिरायचे नाही, तुमच्या गावात नो एंट्री किती ते किती, आणि रात्री फोन उचलेल व रस्त्यावर येऊन उभा राहील अशा माणसाचा नंबर, एवढे चार ओळींत लिहून त्याच्याबरोबर पाठवा, आणि शक्य असेल तर त्याच्या भाषेत.